महायुद्धाची पाच वळणे

(प्रास्ताविक : दुसरे महायुद्ध १९३९ ते १९४५ अशी सहा वर्षे चालले. ते युरोपात पेटले, पण त्याची झळ आशिया, आफ्रिका आणि आपल्या महाराष्ट्रालाही लागली. हे युद्ध कसे सुरू झाले, कोठे फिरले आणि कसे संपले, हे या पाठात सांगितले आहे. आपल्या मुलखातील माणसांचा त्यात काय वाटा होता, तेही येथे वाचायला मिळेल. पाठ वाचताना जगाचा नकाशा आणि पेन्सिल जवळ ठेवा.)



रसद, फौज, तोफ, जखमी, कैदी, जहाज हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ते उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. या पाठात त्यांतील एका शब्दाकडे नीट लक्ष द्या. तो शब्द म्हणजे रसद. फौजेला लागणारे धान्य, पाणी, दारूगोळा, औषधे आणि इंधन म्हणजे रसद. शूर शिपाई आणि मोठ्या तोफा असल्या की युद्ध जिंकता येते, असे आपल्याला वाटते. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. उपाशी शिपाई किती दिवस लढणार? पेट्रोल संपलेला रणगाडा कोठवर जाणार? दुसऱ्या महायुद्धाला ज्या ज्या ठिकाणी कलाटणी मिळाली, त्यांतील बहुतेक ठिकाणी कोणाची ना कोणाची रसद तुटली होती. हे सूत्र मनात ठेवा, म्हणजे पुढची हकिगत समजायला सोपी जाईल.

युरोपातले युद्ध आपल्यापर्यंत कसे पोहोचले, असा प्रश्न तुम्हांला पडेल. नांदेड जिल्ह्यातील देगलूरचेच उदाहरण घ्या. देगलूरच्या एका बाजूला तेलंगणा आहे, दुसऱ्या बाजूला कर्नाटक. महायुद्धाच्या काळात हे गाव हैदराबाद संस्थानात होते. मीर उस्मान अली खान हे तेथील निजाम होते. सरकारी कारभार उर्दूत चाले आणि व्यवहारात संस्थानाचा हाली सिक्का वापरला जाई. निजाम इंग्रजांचे दोस्त होते. त्यामुळे इंग्रज युद्धात उतरले, तेव्हा हैदराबाद संस्थानही त्यांच्या बाजूने उभे राहिले. संस्थानाचा पैसा, संस्थानाचे नाव आणि संस्थानाचे शिपाई दूरदूरच्या रणांगणांवर पोहोचले. ते कोठे कोठे गेले, ते आता नकाशावर शोधू या.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. त्यात जर्मनीचा पराभव झाला. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर कडक अटी लादल्या. प्रदेश गेला, मोठी खंडणी द्यावी लागली, मान गेला. लोकांच्या मनात राग साचला. त्यात बेकारी वाढली. या रागाचा फायदा ॲडॉल्फ हिटलरने घेतला. १९३३ साली तो सत्तेवर आला. आपल्या देशाच्या सगळ्या दुःखाला ज्यू लोक आणि शेजारी देश जबाबदार आहेत, असे तो सांगू लागला. एखाद्या जमातीकडे बोट दाखवून आपल्या अडचणींचे खापर तिच्या माथी फोडणे फार सोपे असते. पुढे याच द्वेषातून सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या झाली.

तिकडे आशियात जपानला आपले साम्राज्य वाढवायचे होते. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी जखमींच्या मदतीसाठी भारतातून १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. इतर सहकारी परतले, पण डॉ. कोटणीस तेथेच राहिले. त्यांनी रणांगणाजवळच्या इस्पितळांत रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या. अतिश्रमाने ते आजारी पडले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले. तेव्हा ते फक्त ३२ वर्षांचे होते. त्यांची कथा उर्दूचे नामवंत लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिली आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. युद्धात मारणाऱ्यांची नावे पुष्कळ राहतात. कोटणीसांचे नाव वाचवणाऱ्याचे म्हणून राहिले आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. ३ सप्टेंबरला इंग्लंड आणि फ्रान्स यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले. भारतातल्या एकाही नेत्याला त्यांनी विचारले नाही. याचा निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते, तेही बाहेर पडले. हा प्रसंग लक्षात ठेवा. दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी लढा, असे ज्यांना सांगण्यात आले, ते स्वतः स्वतंत्र नव्हते.

सुरुवातीला जर्मनीला कोणी थोपवू शकले नाही. १९४० च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत डेन्मार्क, नॉर्वे, हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्स हे देश एकामागून एक पडले. १४ जूनला जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. आता युरोपच्या पश्चिम टोकाला इंग्लंड एकटे उरले.

नकाशावर पहिली खूण येथे करा. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामध्ये समुद्राची अरुंद पट्टी आहे. तिला इंग्लिश खाडी म्हणतात. ती ओलांडायची तर आधी आकाशावर ताबा हवा. म्हणून १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांनी इंग्लंडवर झुंडीने हल्ले सुरू केले. इंग्रज वैमानिकांनी प्रयत्नांची शिकस्त केली. रडार या नव्या यंत्रामुळे शत्रूची विमाने येत असल्याचे त्यांना आधीच कळत असे. या लढाईत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या एका तुकडीचे नाव होते १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन. निजामाने दिलेल्या देणगीमुळे तिला हे नाव मिळाले होते. तिच्या बोधचिन्हावर निजामाच्या पगडीचे चित्र होते. सप्टेंबरमध्ये हिटलरने इंग्लंडवर उतरण्याचा बेत पुढे ढकलला, तो कायमचाच. हे पहिले वळण होय. हिटलर हरला नव्हता, परंतु त्याला थोपवता येते हे जगाला दिसले.

पश्चिमेला अडल्यावर हिटलर पूर्वेकडे वळला. २२ जून १९४१ रोजी त्याने रशियावर स्वारी केली. डिसेंबरपर्यंत जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीजवळ गेल्या. तेथे कडाक्याची थंडी आणि रशियन सैन्य या दोघांनी मिळून त्यांना रोखले.

याच महिन्यात जपान युद्धात उतरला. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी हवाई बेटांवरील पर्ल हार्बर या अमेरिकन आरमारी तळावर अचानक हल्ला केला. हे बहुतेकांना माहीत असते. मात्र त्याआधी तासाभराहून थोडे अधिक जपानी फौज मलायाच्या किनाऱ्यावर कोटा बारू येथे उतरली होती, हे थोड्यांनाच माहीत असते. मलायात तेव्हा ८ डिसेंबरची मध्यरात्र उलटून गेली होती, आणि हवाईमध्ये ७ डिसेंबरची सकाळ होती. तारखा वेगळ्या दिसतात, कारण या दोन ठिकाणांच्या मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. नकाशावर ती शोधा. कोटा बारूच्या किनाऱ्यावर हिंदी पलटणी होत्या आणि तेथील विमानतळाच्या रक्षणाला हैदराबाद संस्थानाचे पायदळ होते. म्हणजे पूर्वेकडचे महायुद्ध ज्या रात्री पेटले, त्या रात्री आपल्या संस्थानाचे शिपाई अगदी त्याच्या तोंडाशी उभे होते. दिवसभरातच विमानतळ जपानी फौजेच्या हाती गेला.

त्यानंतर जपानी फौजा वेगाने दक्षिणेकडे सरकल्या. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. सुमारे ४५ हजार हिंदी शिपाई एकाच वेळी कैदी झाले. मार्चमध्ये रंगून गेले. ब्रह्मदेशातून भारताला तांदूळ येत असे, तोही बंद झाला. रसद तुटते तेव्हा ती फक्त फौजेची तुटत नाही, हे पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दिसले. तेथे आधी वादळाने पिके बुडाली होती. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या आणि तांदळाचे साठे काढून घेतले होते. भाव भडकले. फौजेला आणि शहरांना धान्य मिळाले, खेड्यांना मिळाले नाही. १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे भूक आणि रोगराई यांनी मेली, असा अंदाज आहे. या लोकांवर कोणी बाँब टाकला नव्हता.

आता दुसरी खूण पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी करा. तेथे मिडवे नावाचे लहानसे बेट आहे. जून १९४२ मध्ये जपानी आरमार ते घ्यायला निघाले. अमेरिकेने जपानची सांकेतिक भाषा उलगडली होती, त्यामुळे अमेरिकन जहाजे आधीच दबा धरून बसली. या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. एवढ्या मोठ्या नौका पुन्हा बांधायला वर्षे लागतात आणि तयार वैमानिक तर बांधताच येत नाहीत. तेथून पुढे जपानचे पाऊल मागेच पडत गेले.

तिसरी खूण इजिप्तमध्ये करा. अल् अलामीन हे समुद्रकिनाऱ्यावरचे छोटे रेल्वे स्टेशन. त्याच्या पूर्वेला सुएझचा कालवा आहे. कालवा गेला असता तर युरोप आणि भारत यांच्यातला जवळचा समुद्रमार्ग इंग्रजांच्या हातून गेला असता. जर्मन सेनापती रोमेल वाळवंटातील युद्धात तरबेज होता. मात्र त्याचे पेट्रोल समुद्रापलीकडून जहाजांनी यायचे आणि ती जहाजे वाटेतच बुडवली जात. २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री सेनापती माँटगोमेरी याच्या फौजेने हल्ला चढवला. तिच्यात हिंदी सैनिकही होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोमेलने माघार घेतली. आफ्रिकेतील युद्धाला येथे कलाटणी मिळाली. आफ्रिकेत आपल्या मराठी शिपायांनी याआधीही नाव कमावले होते. १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या उंच डोंगरांवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटालियन फौजेशी लढल्या होत्या.

चौथी खूण व्होल्गा नदीच्या काठी स्टालिनग्राड या शहरावर करा. आज त्याला व्होल्गोग्राड म्हणतात. ऑगस्ट १९४२ पासून तेथे घराघरांतून, जिन्याजिन्यांवर लढाई चालू होती. १९ नोव्हेंबरला रशियन फौजांनी उलटा डाव टाकला. शहरात लढणाऱ्या जर्मन फौजेला त्यांनी दोन्ही बाजूंनी वेढले. अडीच लाखांहून अधिक सैनिक वेढ्यात अडकले. विमानांनी रसद पुरवू, असे हिटलरच्या सरदारांनी सांगितले. प्रत्यक्षात गरजेच्या निम्मेही सामान पोहोचले नाही. शिपायांनी घोडे मारून खाल्ले. २ फेब्रुवारी १९४३ रोजी उरलेल्यांनी शस्त्रे खाली ठेवली. सुमारे ९१ हजार कैदी झाले. त्यांपैकी अवघे पाचसहा हजार पुढे घरी परतले. हे या युद्धाचे सर्वांत मोठे वळण मानतात. येथून जर्मन फौजेची पश्चिमेकडे माघार सुरू झाली.

हे सर्व घडत असताना महाराष्ट्रात काय चालले होते? ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला. ही घोषणा मुंबईचे महापौर युसूफ मेहेरअली यांनी सुचवली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांना अटक झाली. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद, पंडित नेहरू आणि इतर पुढारी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान झाले. तुम्ही उर्दूत मौलानांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकाबद्दल वाचले असेल. त्यातील पत्रे याच किल्ल्यात लिहिली गेली. एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, तेव्हा मौलाना नगरच्या तुरुंगात होते. युद्धाची किंमत रणांगणाबाहेरही चुकवावी लागते, ती अशी.

याच वर्षी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे एक वसाहत उभी राहिली. पोलंडमधून हाकलले गेलेले सुमारे पाच हजार लोक तेथे आश्रयाला आले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. १९४८ पर्यंत ही वसाहत होती. युरोपच्या युद्धाने बेघर केलेल्या मुलांनी पंचगंगेच्या काठी आपल्या शाळा भरवल्या.

आता पाचवी खूण. ती आपल्याच देशात आहे. मणिपूरमधील इंफाळ आणि नागालँडमधील कोहिमा येथे पेन्सिल टेकवा. मार्च १९४४ मध्ये जपानच्या सुमारे ८५ हजार सैनिकांनी ब्रह्मदेशातून भारतावर चाल केली. डोंगर आणि जंगल ओलांडायचे म्हणून त्यांनी फक्त तीन आठवड्यांची शिधासामग्री बरोबर घेतली. इंफाळ लगेच पडेल आणि इंग्रजांची कोठारे आपल्या हाती लागतील, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकला. उखरूलजवळच्या सांगशाक या खेड्यात हवाई छत्री दलाचे सैनिक आणि मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण यांनी जपानी फौजेला काही दिवस अडवून धरले. तेवढ्या अवधीत मागची तयारी झाली. कोहिमात तर एका टेनिसच्या मैदानाच्या दोन बाजूंना दोन सैन्ये समोरासमोर होती. वेढलेल्या इंफाळला विमानांनी रसद मिळत राहिली. जपानी फौजेला ती मिळाली नाही. पाऊस सुरू झाला, हिवताप आणि हगवण यांनी माणसे पडू लागली. जुलैमध्ये जपानने माघार घेतली. गोळ्यांपेक्षा भूक आणि रोग यांनी त्यांची अधिक माणसे मेली.

या लढाईबद्दल बोलताना थोडे थांबायला हवे. कारण तिच्यात हिंदी शिपाई दोन्ही बाजूंना होते. सिंगापूरला कैद झालेल्या शिपायांमधून आझाद हिंद फौज उभी राहिली होती आणि नेताजी सुभाषचंद्र बोस तिचे नेतृत्व करीत होते. नेताजी जर्मनीहून पूर्वेकडे आले ते पाणबुडीतून. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते निघाले, वाटेत खवळलेल्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत गेले आणि मे महिन्यात सुमात्राच्या किनाऱ्याला लागले. या जिवावरच्या प्रवासात त्यांच्याबरोबर एकच हिंदी सोबती होता. तो आपल्या हैदराबादचा आबिद हसन सफरानी. सर्व धर्मांच्या शिपायांना एकमेकांना करता येईल असे अभिवादन हवे होते. ‘जय हिंद’ हे शब्द आबिद हसन यांनीच सुचवले, असे मानतात. पुढे ते स्वतंत्र भारताचे राजदूत झाले.

१४ एप्रिल १९४४ या दिवशी मणिपूरमधील मोईरांग येथे आझाद हिंद फौजेच्या शौकत अली मलिक यांनी तिरंगा फडकवला. त्याच दिवशी दुपारी चारनंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याबरोबर कापसाच्या गाठीही भरल्या होत्या. आग कापसाला लागली आणि अर्ध्या तासात दोन प्रचंड स्फोट झाले. जहाजातील सोन्याच्या विटा शहरातील घरांवर जाऊन पडल्या. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आग विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून आपल्या देशात पाळला जातो.

आझाद हिंद फौजेतला शिपाई देशासाठी लढत होता. मग समोरच्या खंदकातला मराठी, पंजाबी किंवा गुरखा शिपाई कोणासाठी लढत होता? तो पगारासाठी गेला होता, घराण्याच्या नावासाठी गेला होता, आपल्या पलटणीसाठी लढत होता. आणि जपानी फौज आपल्या गावांवर येऊ नये, असेही त्याला वाटत होते. मलायात आणि चीनमध्ये जपानी फौजेने रयतेचे काय हाल केले, हे त्याने ऐकले होते. दोघेही शूर होते, दोघांचीही घरे याच देशात होती. एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला भाडोत्री म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. गुलामीतला देश आपल्या मुलांना अशा पेचात टाकतो, हे या लढाईचे खरे दुःख आहे.

यानंतर युद्ध उताराला लागले. ६ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. इटलीत सुमारे ५० हजार हिंदी सैनिक लढत होते. त्यांत रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याशिवाय सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले. त्यांनी हातबाँब टाकून मशीनगन बंद पाडली. काडतुसे संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने ते लढले. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजाची गोळी लागून ते धारातीर्थी पडले. ते अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतच सेनिओ नदीवर नामदेव जाधव या मराठी शिपायाने जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन पाण्यातून आणि सुरुंगांतून बाहेर काढले. त्यांनाही हाच सन्मान लाभला आणि ते घरी परतले.

३० एप्रिल १९४५ रोजी हिटलरने आत्महत्या केली. मेच्या पहिल्या आठवड्यात जर्मनी शरण आला. जपान लढत होता. ६ ऑगस्टला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अमेरिकेने अणुबाँब टाकले. वर्षअखेरपर्यंत दोन्ही शहरांत मिळून सुमारे दोन लाख माणसे मेली. १५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. त्या दिवशी तेथे उभ्या असलेल्या जहाजांत ‘निजाम’ नावाची एक ऑस्ट्रेलियन विनाशिका होती. तिलाही हैदराबादच्या निजामांचेच नाव दिलेले होते.

या युद्धात जगभर सहा कोटींहून अधिक माणसे मेली. एकट्या सोव्हिएत संघाची सुमारे दोन कोटी सत्तर लाख. सुमारे २५ लाख हिंदी सैनिक युद्धात होते आणि त्यांपैकी ८७ हजार परतले नाहीत. इंग्लंड जिंकले, पण थकले. दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लाँ या तीन अधिकाऱ्यांवर खटला चालला, तेव्हा सगळा देश त्यांच्या पाठीशी उभा राहिला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत आरमारी सैनिकांनी उठाव केला. ज्या फौजेच्या बळावर राज्य चालवायचे, तीच आता आपली राहिली नाही, हे इंग्रजांना कळून चुकले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. हैदराबाद संस्थान मात्र १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आले, आणि त्याबरोबर मराठवाडाही आला.

मित्रांनो, तुमच्या नकाशावर आता पाच खुणा आहेत. त्या एकमेकींपासून हजारो मैल दूर आहेत. तरी त्या प्रत्येकीपासून एक रेघ आपल्या मुलखापर्यंत ओढता येते. २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावात यशवंत घाडगे यांच्या नावे एक सूर्यघडी उभारण्यात आली. घाडगे ज्या देशाच्या भूमीवर पडले, त्याच देशाच्या लोकांनी त्यांची आठवण जपली. त्या सूर्यघडीवरच्या लॅटिन शब्दांचा अर्थ असा आहे, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. पाच खुणा करून झाल्यावर हे वाक्य नकाशाखाली लिहून ठेवा.

शब्दार्थ

कलाटणी मिळणे – एकदम दिशा बदलणे. वेढा – चारही बाजूंनी घेरणे, मुहासरा. दबा धरून बसणे – लपून वाट पाहणे. माघार घेणे – मागे हटणे. तरबेज – निष्णात. धारातीर्थी पडणे – लढता लढता मरण येणे. पेच – अवघड प्रसंग. भाडोत्री – पैसे घेऊन काम करणारा. विनाशिका – वेगवान लढाऊ जहाज.

लक्षात ठेवा : उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. मराठीत ‘प्रयत्नांची शिकस्त करणे’ म्हणजे होईल तेवढे सर्व प्रयत्न करणे. तसेच उर्दूत ‘तह’ म्हणजे थर किंवा घडी. मराठीत ‘तह’ म्हणजे दोन पक्षांतला करार, सुलह.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रसद म्हणजे काय?
(आ) १५२ स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर कशाचे चित्र होते?
(इ) नेताजींच्या पाणबुडीच्या प्रवासात त्यांच्याबरोबर कोण होते?
(ई) ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे कोठे लिहिली गेली?

२. कारणे लिहा.
(अ) कोटा बारू आणि पर्ल हार्बर येथील हल्ल्यांच्या तारखा वेगळ्या आहेत.
(आ) इंफाळच्या लढाईत जपानी फौजेला माघार घ्यावी लागली.
(इ) १९३९ मध्ये मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

३. पाचसहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) स्टालिनग्राडच्या लढाईत रसदेचे महत्त्व कसे दिसून आले?
(आ) इंफाळच्या लढाईत समोरासमोर असलेल्या दोन हिंदी शिपायांबद्दल तुम्हांला काय वाटते?

४. वाक्यात उपयोग करा.
प्रयत्नांची शिकस्त करणे, खापर माथी फोडणे, माघार घेणे, कलाटणी मिळणे.

५. उपक्रम : उर्दूत आणि मराठीत सारखेच वापरले जाणारे दहा शब्द या पाठातून शोधा. त्यांपैकी कोणाचा अर्थ दोन्ही भाषांत वेगळा आहे का, ते घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून वहीत लिहा.